१९४३ च्या बंगाल दुष्काळाचे कलेतील चित्रण

इ.स. १९४३ मध्ये बंगाल प्रांतात पडलेल्या दुष्काळाच्या वेळी आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत भुकेने खंगलेला मानवी देह हा भारतीय कलेचा एक प्रमुख विषय बनला. शाईची रेखाटने, छायाचित्रे, पोवाडे, नृत्यनाट्ये, नाटके आणि चित्रपट अशा अनेक माध्यमांतून तो मांडला गेला. दुष्काळ बंगालमध्ये असला, तरी या कलानिर्मितीचा मोठा भाग मुंबईत घडला, मुंबईतून छापला गेला किंवा मुंबईतील प्रेक्षकांसमोर प्रथम आला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘धरती के लाल’ (१९४६) या चित्रपटामुळे त्याचा संबंध खानदेशातील धुळे परिसराशीही जोडला गेला. प्रस्तुत लेखात मुख्यतः मुंबई आणि खानदेश यांच्याशी निगडित असलेल्या कलाकृतींचा, तसेच उपासमारीने मरणाऱ्या माणसाचे चित्रण करावे की नाही, आणि करावे तर कसे, या त्या काळी उभ्या राहिलेल्या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या मार्च महिन्यात रंगून जपानच्या ताब्यात गेले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. जपानी सैन्य बंगालमध्ये उतरेल या भीतीने सरकारने किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांतून धान्याचे साठे हलवले व हजारो होड्या काढून घेतल्या अथवा नष्ट केल्या. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपूर जिल्ह्याला चक्रीवादळाचा तडाखा बसला. युद्धखर्चामुळे वाढलेली महागाई आणि साठेबाजी यांची त्यात भर पडली. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवून दिले, की धान्याच्या निव्वळ तुटवड्यापेक्षा ते विकत घेण्याची ताकद शेतमजूर, कोळी आणि ग्रामीण कारागीर यांच्यापाशी न उरणे हे या मृत्यूंचे मोठे कारण होते. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख सांगितली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

दुष्काळसंहितेनुसार अधिकृत दुष्काळ जाहीर केला असता, तर मदतीची कामे काढण्याचे बंधन सरकारवर आले असते. तशी घोषणा झाली नाही. युद्धकालीन नियंत्रणांमुळे वृत्तपत्रांनाही मोकळेपणाने लिहिता येत नव्हते. २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’ या दैनिकाचे संपादक इयान स्टीफन्स यांनी रस्त्यांवर मरून पडलेल्या आणि मरणासन्न माणसांची छायाचित्रे छापली, तेव्हा कुठे या संकटाचे स्वरूप बाहेरच्या जगाला कळले. शब्दांनी जे साधले नव्हते ते देहाच्या चित्रांनी साधले, ही गोष्ट त्या वेळच्या कलावंतांच्या लक्षात आल्यावाचून राहिली नाही.

भुकेल्या देहाची चित्रे त्यापूर्वी निघाली नव्हती असे नाही. १८७६–७८ च्या मद्रास इलाख्यातील दुष्काळात लष्करी अधिकारी विलोबी वॉलेस हूपर याने सांगाडे झालेल्या माणसांना ओळीने बसवून छायाचित्रे घेतली होती. चित्रे घेतली, पण त्या माणसांना मदत केली नाही, अशी टीका त्याच्यावर पुढे झाली. त्या छायाचित्रांतील माणसांना नाव नाही, गाव नाही. १९४३ च्या कलावंतांसमोर हा नमुना होता आणि तो टाळायचा कसा, हा प्रश्नही होता.

मुंबईचे स्थान

मुंबईत मे १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले. कलकत्त्यात तशी व्यवस्था येण्यास १९४४ चा जानेवारी उजाडला. त्यामुळे युद्धकाळातील टंचाईची झळ बसूनही मुंबईच्या रस्त्यांवर बंगालसारखे दृश्य दिसले नाही. येथील कामगाराला रांगेत उभे राहून का होईना, धान्य मिळत होते. दूरच्या प्रांतातील उपासमार अशा प्रेक्षकाला जाणवून द्यायची, तर ती त्याच्या डोळ्यांसमोर आणावी लागणार होती.

त्यासाठी लागणाऱ्या संस्था मुंबईत होत्या. भारतीय कम्युनिस्ट पक्षावरील बंदी १९४२ च्या जुलैमध्ये उठली आणि पक्षाचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईतील सँडहर्स्ट रोडवर सुरू झाले. तेथून ‘पीपल्स वॉर’ हे इंग्रजी साप्ताहिक निघे; ‘लोकयुद्ध’ हे मराठी पत्र त्याच परिवारातील. ‘इप्टा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारतीय जननाट्य संघाची स्थापनाही मे १९४३ मध्ये मुंबईतच झाली. युद्धाला पाठिंबा देण्याच्या धोरणामुळे, विशेषतः १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनापासून दूर राहिल्यामुळे, पक्ष त्या वेळी राष्ट्रीय चळवळीतील अनेकांच्या रोषाचा विषय होता. दुष्काळ-मदतीच्या कामामुळे त्याला जनमानसात पुन्हा जागा मिळाली. या कलाकृतींकडे पाहताना हा राजकीय संदर्भ विसरता येत नाही. मात्र केवळ प्रचारसाहित्य म्हणून त्या बाजूला सारणेही अन्यायाचे ठरेल.

चित्तप्रसाद यांची रेखाटने

चित्तप्रसाद (१९१५–१९७८) यांचा जन्म बंगालमधील नैहाटी येथे झाला. त्यांनी कोणत्याही कलाविद्यालयात रीतसर शिक्षण घेतले नव्हते. जातिव्यवस्थेचा निषेध म्हणून त्यांनी आपले भट्टाचार्य हे आडनाव सोडले. चितगाव भागात फॅसिझमविरोधी भित्तिचित्रे काढणाऱ्या या तरुणाला पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी यांनी हेरले आणि दुष्काळग्रस्त भागात पाठवले. नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद यांनी मेदिनीपूर जिल्ह्यात फिरून जे पाहिले, ते ‘हंग्री बेंगॉल’ या सचित्र पुस्तिकेत प्रसिद्ध झाले. सरकारने तिच्या सुमारे ५,००० प्रती जप्त करून नष्ट केल्या.

या रेखाटनांत कुंचला आणि काळी शाई यांखेरीज फारसे काही नाही. बरगड्यांचा पिंजरा, खोल गेलेले पोट, देहाच्या मानाने मोठे वाटणारे डोके, गुडघ्यांची आणि कोपरांची हाडे हे सारे जाड, तुटक रेषांनी काढलेले असते. छायाप्रकाशाची नाजूक छटा जवळपास नसते. याला एक व्यावहारिक कारणही होते: स्वस्त वृत्तपत्री कागदावर छापले तरी टिकेल असेच चित्र हवे होते. परंतु या मर्यादेतूनच त्यांची शैली घडली. जलरंगातील हळुवारपणासाठी प्रसिद्ध असलेल्या बंगाली चित्रपरंपरेत अशी राकट रेषा तोवर क्वचितच दिसली होती.

शैलीपेक्षाही महत्त्वाची आहे ती त्यांची नोंद करण्याची पद्धत. चित्तप्रसाद ज्याचे चित्र काढीत त्याचे नाव, गाव, व्यवसाय आणि त्याच्यावर कसा प्रसंग ओढवला, हे शक्य तेथे चित्रासोबत लिहीत. जमीन कधी विकली, घरातले कोण दगावले, लंगरखान्यात काय मिळते, अशी माहिती त्यात येई. पुस्तिकेतील मजकूर आणि चित्रे म्हणूनच एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. हूपरच्या छायाचित्रांतील निनावी सांगाड्यांशेजारी ही रेखाटने ठेवली, की दोहोंतला फरक ध्यानात येतो. येथे चित्रातला माणूस मरणाच्या दारात असूनही शेतकरी, कोळी किंवा कुणाची तरी आई राहतो.

त्याच काळात जैनुल आबेदिन (१९१४–१९७६) यांनी कलकत्त्याच्या पदपथांवरील निराधारांची रेखाटने बांधाबांधीच्या स्वस्त तपकिरी कागदावर केली. कुंचला जवळजवळ कोरडा ठेवून ओढलेल्या त्यांच्या रेषा अधिक मोजक्या आहेत. एखादी आई, तिच्या अंगावरचे मूल, शेजारी कावळा किंवा कुत्रा एवढ्यावरच चित्र संपते. पुढे ते पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात गेले आणि तेथील आधुनिक कलाशिक्षणाचे प्रवर्तक मानले गेले.

चित्तप्रसाद १९४६ मध्ये मुंबईला आले आणि आयुष्यातील बहुतेक उरलेली वर्षे त्यांनी अंधेरीत काढली. नाविकांच्या उठावावरील चित्रे त्यांनी येथे केली. इप्टाचे नगारा वाजविणाऱ्या माणसाचे बोधचिन्हही त्यांचेच. पक्षापासून ते पुढे दुरावले, पण श्रमणाऱ्या माणसाचे शरीर हा विषय सुटला नाही. बालकामगारांवरील त्यांची लिनोकट मालिका याच वाटेवरची आहे. तिच्यातील मुले परीकथेतील देवदूतांसारखी नसून ओझी वाहणारी, जोडे पुसणारी आहेत.

सुनील जाना यांची छायाचित्रे

सुनील जाना (१९१८–२०१२) हे कलकत्त्यातील विद्यार्थी होते व हौस म्हणून छायाचित्रे घेत. पूरणचंद जोशी यांनी त्यांना आपल्याबरोबर दुष्काळी जिल्ह्यांत नेले. त्यांची छायाचित्रे ‘पीपल्स वॉर’मध्ये नियमितपणे छापली जाऊ लागली आणि जाना मुंबईत येऊन राहिले. धान्याच्या रांगा, अनाथ मुले, शेतात विखुरलेल्या कवट्या व हाडे ही त्यांची छायाचित्रे आजही या दुष्काळाचा उल्लेख आला, की सर्वप्रथम आठवली जातात.

कॅमेऱ्याचा प्रश्न कुंचल्यापेक्षा अवघड होता. चित्रकार माणसापाशी थांबतो, त्याच्याशी बोलतो, मग रेखाटतो. नंतर घरी बसून स्मरणानेही चित्र पुरे करू शकतो. छायाचित्रकाराला ज्या क्षणी मदतीचा हात पुढे करायचा, त्याच क्षणी कळ दाबावी लागते. मरणाऱ्या माणसासमोर कॅमेरा धरण्यातील या अस्वस्थतेविषयी जाना यांनी पुढील आयुष्यात बोलून दाखवले आहे. छायाचित्र पुरावा म्हणून लागते, आणि पुरावा जितका ठळक तितका त्यातील माणूस उघडा पडतो. ही अडचण त्यांच्या कामातही सुटलेली नाही. त्यांची सर्वांत परिणामकारक छायाचित्रे पाहिली, तर त्यांतील पुष्कळांत माणसे थेट कॅमेऱ्याकडे पाहतात असे आढळते. पाहणाऱ्यालाही कुणीतरी पाहत आहे, ही जाणीव त्यामुळे होते.

पोवाडा, नृत्य आणि नाटक

मराठी प्रेक्षकांपर्यंत हा दुष्काळ मुख्यतः शाहिरांनी पोहोचवला. अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या लाल बावटा कलापथकाने कामगार वस्त्यांतून असे कार्यक्रम केले.

पोवाडा हा मूळचा वीररसाचा प्रकार. त्यात येणारा देह पराक्रमी पुरुषाचा असतो: रुंद छाती, हातातली तलवार, घोड्यावरची मांड. त्याच डफ-तुणतुण्याच्या ठेक्यावर अन्नावाचून तडफडणाऱ्या माणसांचे वर्णन करणे हा या प्रकाराला दिलेला मोठा हिसका होता. ज्यांच्यासमोर हे गायले जाई ते गिरणी कामगार कोकण, सातारा, खानदेश, देश अशा भागांतून पोटासाठीच मुंबईत आलेले होते. त्यांना भूक समजावून सांगावी लागत नव्हती. बंगालची भूक आपल्या भुकेशी जोडून दाखवणे एवढेच काम होते. पोवाड्यात प्रेक्षक देह प्रत्यक्ष पाहत नाही, शाहिराच्या आवाजातून तो मनात उभा करतो. त्यामुळे चित्राला जो प्रदर्शनाचा दोष चिकटू शकतो, त्यातून हा प्रकार बराचसा सुटला.

बिनॉय राय यांच्या नेतृत्वाखालील बंगालच्या पथकाने देशाच्या विविध भागांत गीत-नृत्याचे कार्यक्रम करून मदतनिधी गोळा केला. या पथकाच्या प्रभावातून मुंबईत अंधेरी येथे इप्टाचे केंद्रीय नृत्यपथक आकाराला आले. शांति बर्धन यांनी नृत्यरचना केलेल्या ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ (१९४४) या नृत्यनाट्यात दुष्काळाचा भाग होता. बर्धन हे उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात काम केलेले नर्तक. सडपातळ पण कसलेल्या नर्तकाच्या शरीराने उपासमार दाखवायची, तर चालीतला डौल, पाठीचा ताठा, हातांची फेक हे सारे मोडून काढावे लागते. शास्त्रीय शिक्षणाने वर्षानुवर्षे जे शरीराला शिकवले, ते विसरण्याचा हा अभ्यास होता.

कलकत्त्यात ऑक्टोबर १९४४ मध्ये बिजन भट्टाचार्य यांचे ‘नबान्न’ हे नाटक शंभू मित्र व बिजन यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. रंगवलेल्या पडद्यांऐवजी साधे गोणपाट वापरून उभा केलेला त्याचा रंगमंच भारतीय नाट्येतिहासात प्रसिद्ध आहे. ‘धरती के लाल’ची बीजे या नाटकात आणि कृष्ण चंदर यांच्या ‘अन्नदाता’ या उर्दू कथेत आहेत.

‘धरती के लाल’ आणि खानदेश

‘धरती के लाल’ हा ख्वाजा अहमद अब्बास यांनी दिग्दर्शित केलेला पहिला आणि इप्टाने निर्माण केलेला चित्रपट होय. त्यात शंभू मित्र, तृप्ती मित्र, बलराज साहनी, दमयंती साहनी आदींनी भूमिका केल्या. संगीत रविशंकर यांचे होते. कथा एका बंगाली शेतकरी कुटुंबाची आहे. सावकार आणि धान्याचे व्यापारी यांच्यापायी जमीन जाते, कुटुंब कलकत्त्याच्या रस्त्यावर येते, म्हातारा मरतो, धाकट्या सुनेवर पोटासाठी देह विकण्याची पाळी येते. अखेरीस गावी परतलेले शेतकरी सामुदायिक शेती करू लागतात. धाकटा मुलगा आणि ती सून मात्र त्या आनंदात सामील होत नाहीत, दुरून पाहत राहतात. चित्रपटाचा आशावादी शेवट काहीसा ओढूनताणून आणलेला वाटतो, हे खरे. पण ते दोघे बाहेर राहतात, हा तपशील त्या शेवटाला पूर्णपणे गोड होऊ देत नाही. भुकेचे परिणाम पीक आले म्हणून संपत नाहीत, आणि बाईच्या देहावर झालेले परिणाम गाव सहजी विसरत नाही, एवढे तो सांगून जातो.

ग्रामीण भागातील चित्रणासाठी चित्रपटाचे पथक धुळे परिसरात आले आणि किसान सभेच्या माध्यमातून तेथील शेतकऱ्यांनी समूहदृश्यांत भाग घेतला. गाव सोडून शहराकडे निघालेल्या भुकेल्यांचा लोंढा दाखवण्यास मोठा जमाव हवा होता आणि व्यावसायिक जमाव भाड्याने घेण्याची या निर्मितीची ऐपत नव्हती. भातशेती, तळी, नद्यांचे फाटे असा पाणथळ बंगाल आणि तापी-पांझरा खोऱ्यातील कापूस-ज्वारीची काळी जमीन यांत भौगोलिक साम्य जवळपास नाही. तरीही ही निवड निव्वळ सोयीची म्हणता येणार नाही.

खानदेशाला दुष्काळ नवा नव्हता. १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांची झळ या प्रदेशाला लागली होती. विक्रम संवत १९५६ मध्ये पडलेल्या यांपैकी शेवटच्याला गुजरात-राजस्थानकडील लोक ‘छप्पनिया’ म्हणत. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. धुळे पश्चिमेचे मुख्य ठिकाण, तर जळगाव, अमळनेर, एरंडोल ही गावे पूर्वेत. पूर्व खानदेशात १९३८ च्या सुमारास पिके बुडाली असता शेतसारा माफ व्हावा म्हणून साने गुरुजींनी शेतकऱ्यांत मोहीम चालवली होती. अमळनेर व धुळे येथील कापडगिरण्यांमुळे कामगार संघटनांचेही येथे काम होते. बंगालच्या शेतकऱ्याचा वेश करून कॅमेऱ्यासमोर चालणाऱ्या माणसांपैकी वयस्कांना लहानपणी ऐकलेले वा पाहिलेले दुष्काळ ठाऊक असणार. व्यावसायिक नट जो अनुभव कल्पनेने मिळवतो, तो येथे जमावापाशी आधीपासून होता.

नटांची गोष्ट वेगळी होती. बलराज साहनी हे रावळपिंडीतील सधन कुटुंबातून आलेले, शांतिनिकेतनात शिकवलेले आणि युद्धकाळात लंडनच्या बीबीसीत काम केलेले गृहस्थ. या भूमिकेसाठी त्यांनी कित्येक महिने आहार तोडून शरीर खंगवले आणि चित्रणाच्या वेळी ते उघड्या अंगाला चिखल फासत, असे अब्बास यांनी लिहिले आहे. भारतीय चित्रपटात शरीर पालटून भूमिका करण्याचे हे आरंभीचे एक उदाहरण मानावे लागेल. यात एक विसंगती आहे, ती नजरेआड करू नये. ठरवून केलेला उपास आणि लादलेली उपासमार यांत अंतर राहतेच. नटाला चित्रण संपल्यावर जेवता येते. साहनी यांना हे कळत होते असे त्यांच्या संयत अभिनयावरून वाटते. ते भुकेचे प्रदर्शन मांडत नाहीत. त्यांची हालचाल मंदावते, आवाज खाली जातो.

चित्रपट १९४६ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा देशात जातीय दंगली भडकल्या होत्या आणि मुंबईही त्यातून सुटली नाही. चित्रपटगृहाकडे प्रेक्षक फिरकेनात. व्यावसायिकदृष्ट्या चित्रपट पडला. पुढे सोव्हिएत संघात मात्र तो मोठ्या प्रमाणावर दाखवला गेला. बिमल राय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (१९५३) या चित्रपटात साहनी यांनी कलकत्त्यात हातरिक्षा ओढणारा शेतकरी उभा केला, त्या भूमिकेची पूर्वतयारी येथे झाली होती.

आक्षेप आणि वाद

या सर्व निर्मितीवर त्या काळी आणि नंतरही आक्षेप घेतले गेले. पहिला आक्षेप प्रचाराचा होता. दुष्काळाला साठेबाज व्यापाऱ्यांना जबाबदार धरताना युद्धविषयक धोरणामुळे सरकारवरील टीका सौम्य ठेवली गेली, असे काही समीक्षक म्हणतात. ‘हंग्री बेंगॉल’च्या प्रती सरकारने नष्ट केल्या, ही घटना या आक्षेपाला निदान चित्तप्रसाद यांच्यापुरती मर्यादा घालते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. उपाशी देह पुन्हा पुन्हा दाखवला, की पाहणाऱ्याला त्याची सवय होते आणि दुष्काळ म्हणजे बरगड्या असे समीकरण बनते. जमीन गमावणे, भांडी-गुरे विकणे, घर मोडणे, मुली विकल्या जाणे हा दुष्काळाचा लांबलचक भाग देहाच्या चित्रात मावत नाही. चित्रासोबत मजकूर लिहिणाऱ्या चित्तप्रसाद यांनी आणि कुटुंबाची कथा सांगणाऱ्या ‘नबान्न’, ‘धरती के लाल’ यांनी यावर आपापल्या परीने उपाय शोधला. सुट्या छायाचित्राला तो उपाय उपलब्ध नव्हता. पुढे वृत्तपत्रांनी आणि पुस्तकांनी ती छायाचित्रे मूळ मजकुराशिवाय वापरली, तेव्हा त्यांतील माणसे पुन्हा निनावी झाली.

पुढील काळ

दुष्काळाच्या पाठोपाठ फाळणी आली आणि मुंबईच्या कलेत देहाचे दुसरेच रूप पुढे आले. तय्यब मेहता (१९२५–२००९) हे तेव्हा ताडदेव येथील फेमस स्टुडिओत चित्रपट-संकलनाचे काम करीत. १९४७ च्या दंगलीत महंमद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारताना त्यांनी घराच्या खिडकीतून पाहिले आणि त्या धक्क्याने ते आजारी पडले. ते दृश्य त्यांनी कधीही जसेच्या तसे रंगवले नाही. कोसळणारा माणूस, पाय बांधलेला बैल, तिरक्या रेषेने दुभंगलेली आकृती या रूपांत ते पुढे अनेक दशके येत राहिले. चित्तप्रसाद यांनी समोरच्या माणसाचे नाव टिपले. मेहता यांनी पाहिलेल्या माणसाला चेहराही दिला नाही. संकटातील देहाकडे जाण्याच्या या दोन टोकांच्या वाटा म्हणता येतील.

सोमनाथ होर (१९२१–२००६) तरुणपणी चित्तप्रसाद यांच्याबरोबर दुष्काळाची रेखाटने करीत होते. १९७० च्या दशकात त्यांनी ‘वूंड्स’ ही मालिका केली. तिच्यात रंग नाही, आकृतीही नाही. पांढऱ्या कागदाच्या लगद्यावर उमटलेले ओरखडे आणि खड्डे आहेत. त्वचेवरील जखम आणि कागदावरील खूण यांत फरक उरू नये, इथवर ते आले होते.

चित्रपटात सत्यजित राय यांनी ‘अशनी संकेत’ (१९७३) मध्ये याच दुष्काळाला हात घातला. निसर्ग इतका हिरवागार आणि पात्रे इतकी धडधाकट का, असा प्रश्न काहींनी विचारला. अन्न पिकवणारी भूमी हिरवी असतानाच माणसे मेली, हेच त्या हिरव्या रंगातून सुचवायचे होते, असे त्यावर उत्तर देता येते.

मृणाल सेन यांच्या ‘अकालेर संधाने’ (१९८०) या चित्रपटाने तर चित्रण करण्याची कृतीच विषय म्हणून घेतली. एक चित्रपट-पथक १९४३ च्या दुष्काळावर चित्रपट काढण्यासाठी बंगालमधील एका खेड्यात येते. त्यातील नायिकेची, म्हणजे दुष्काळग्रस्त स्त्रीची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीची भूमिका स्मिता पाटील (१९५५–१९८६) यांनी केली. चित्रपटातील तिचे नावही स्मिताच आहे. स्मिता पाटील यांचे घराणे खानदेशातील, धुळे जिल्ह्याच्या शिरपूरचे. एका प्रसंगात पथकातील मंडळी दुष्काळाची जुनी छायाचित्रे एकेक करून पाहतात आणि हे चित्र कोणत्या वर्षीचे, हे ओळखण्याचा खेळ खेळतात. निरनिराळ्या वर्षांतील उपाशी माणसे सारखीच दिसतात, त्यामुळे उत्तरे चुकत जातात. पथकाच्या खरेदीने गावच्या बाजारातील भाव चढतात. पोटासाठी देह विकणाऱ्या स्त्रीच्या भूमिकेसाठी गावातील मुलगी घेण्याचा विचार होतो तेव्हा गावकरी बिथरतात. ती आठवण त्यांच्या घराघरांत आहे, आणि ती कुणी पडद्यावर आणावी हे त्यांना मान्य नाही. चित्रण अपुरे टाकून पथक कलकत्त्याला परतते. या चित्रपटाला उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि १९८१ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात रौप्य अस्वल पुरस्कार मिळाला.

‘हंग्री बेंगॉल’ची नष्ट होण्यापासून वाचलेली एक प्रत चित्तप्रसाद यांच्या कुटुंबीयांनी जपून ठेवली होती. तिच्यावरून दिल्ली आर्ट गॅलरीने २०११ मध्ये या पुस्तिकेची हुबेहूब प्रतिकृती प्रसिद्ध केली, आणि ज्यांची नावे चित्तप्रसाद यांनी मेदिनीपूरच्या रस्त्यांवर लिहून घेतली होती, ती माणसे पुन्हा वाचकांपुढे आली.